तुम्ही विचारलंत म्हणून: तीन हजारांच्या आतली शांतता

मी ऑडिओबुकांच्या स्टुडिओत आवाज साफ करायचं काम करते. निवेदकाचे श्वास, खुर्चीची करकर, मागून गेलेली रिक्षा, हे सगळं दिवसभर कापून काढायचं आणि संध्याकाळी दादरहून बदलापूर गाठायचं. त्यामुळे कानात घालायचं काहीही घ्यायचं झालं की घरचे-शेजारचे सगळे मला गाठतात. 'दोन-अडीच हजारांत नॉइज कॅन्सलेशनवाले बड्स कुठले घेऊ गं?' गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं. मामेभावानं, आमच्या अकाउंट्सच्या बाईंनी आणि शेजारच्या काकूंनी. काकूंचा प्रश्न जरा निराळा होता. 'ह्यांच्या बातम्या बंद होतील ना त्यानं?'

एखादं मॉडेल सांगून मोकळं होता येतं. पण मी आधी उलट विचारते, आवाज नेमका कुठला घालवायचाय?

नॉइज कॅन्सलेशनवाल्या बडच्या बाहेरच्या अंगाला बारीकसा माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. चढावर उतार येऊन बसला की दोन्ही सपाट. कल्पना आजची नाही. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. पुढे १९७८ मध्ये अमर बोस झ्युरिकहून बोस्टनला निघाले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीपुढे काही धड ऐकू येईना, म्हणून त्यांनी बसल्या जागी आकडेमोड सुरू केली. बोस म्हणजे तेच, हेडफोनवाले. वडील कोलकात्याचे क्रांतिकारक, ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून अमेरिकेला गेलेले. विमानातल्या त्या आकडेमोडीतून वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.

ही गोष्ट सांगते ती इंजिनासाठी. हे तंत्र जन्मलंच घरघरीवर. सलग, खालच्या पट्टीतल्या, एकसुरी आवाजाची लहर संथ असते आणि चिपला तिचा माग काढायला सवड मिळते. पट्टी वर गेली की लहर इतक्या भराभर बदलते की उलटी लहर किंचित उशिरा पोचते आणि हुकते. साधारण हजार हर्ट्झच्या वर या बड्सची किमया संपत येते. तिथून पुढे काम करतो तो कानात बसलेला रबराचा बूच.

म्हणून एसटीत बसून बघा. लालपरीच्या इंजिनाची घरघर विरघळल्यासारखी जाते आणि खिडक्यांचा खडखडाट तेवढा शिल्लक राहतो, उलट जास्तच स्पष्ट होतो. घरातला पंखा जातो. मिक्सर जात नाही, नुसता लांब गेल्यासारखा वाटतो. कुकरची शिट्टी तर ठणठणीत ऐकू येते, आणि यावी. एसी लोकलमध्ये हे बड्स जितके छान चालतात तितके साध्या लोकलमध्ये चालत नाहीत, हे मला विकत घेतल्यावर कळलं. साध्या लोकलच्या दारा-खिडकीचा वारा थेट माइकवर आदळतो आणि कानात फडफड सुरू होते. खिडकीची जागा मिळाली की मी नॉइज कॅन्सलेशन बंद करते. लेडीज डब्यात खिडकी मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट, तिथं बड्सचं काय घेऊन बसलात! गणपतीतला ताशा किंवा डीजे तर विसराच. ढोलाच्या दणक्याला उलटा दणका देण्याइतकी ताकद त्या मुगाएवढ्या स्पीकरमध्ये आणायची कुठून?

आणि माणसाचं बोलणं. शेजारच्या बाकावर सासूची गाऱ्हाणी चालली असतील तर ती तुम्हाला ऐकू येणार, थोडी हळू. गाणं लावलंत तर झाकली जातील, पण ते गाण्याचं श्रेय.

आता खोक्यावरचे आकडे. वनप्लसचे नॉर्ड बड्स २ हे २०२३ मध्ये २,९९९ रुपयांना आले तेव्हा बाहेरचा आवाज २५ डेसिबलपर्यंत कमी होतो असा कंपनीचा दावा होता. वर्षभरात नथिंग कंपनीच्या सीएमएफ ब्रँडचे बड्स २,४९९ ला आले, दावा ४२ डेसिबलचा. आकडे असे वर चढतात आणि किंमत खाली येते, छानच आहे. पण त्या वाक्यातला 'पर्यंत' हा शब्द वाचायचा. तो आकडा सगळ्या पट्ट्यांचा नसतो, जिथं सगळ्यात चांगलं जमलं तिथला असतो. दहावीला मराठीत ९० पडले म्हणून टक्केवारी ९० होत नाही, तसंच. शिवाय डेसिबलची मोजणी सरळ नसते. ढोबळमानानं दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. त्यामुळे दोन खोक्यांवरच्या आकड्यांत तीन-चारचा फरक असेल तर त्यासाठी पाचशे रुपये जास्त देऊ नका.

मामेभाऊ फसला तो आकड्यात नाही, अक्षरात. त्यानं मला विचारून माझं उत्तर येण्याआधीच नऊशे रुपयांचे बड्स मागवले. खोक्यावर ठळक अक्षरात ईएनसी. त्याला वाटलं तेच ते. एएनसी म्हणजे आपण बोलतोय ते नॉइज कॅन्सलेशन, तुमच्या कानातला गोंगाट कमी करणारं. ईएनसी म्हणजे फोनवर बोलताना तुमच्या मागचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावा म्हणून. म्हणजे या पठ्ठ्यानं स्वतःच्या पैशांनी साहेबांची सोय केली. कंपनीनं खोटं काही लिहिलं नव्हतं, पण दोन्ही अक्षरं अशी जुळी ठेवण्यात कुणाचा फायदा आहे हे काय सांगायला हवं?

मला विचाराल तर तीन हजारांच्या बड्समधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे खोक्यात कोपऱ्यात पुडीत ठेवलेल्या रबरी टोप्या. लोक ती पुडी उघडतसुद्धा नाहीत. मधला आकार लावून आलेला असतो, तोच घालून फिरतात आणि 'बेस काही खास नाही, आवाज पण जात नाही' म्हणून नावं ठेवतात. बारीकशी फट राहिली की तिथूनच खालच्या पट्टीतलं संगीत गळतं आणि बाहेरची घरघर आत शिरते. तपासायला यंत्र लागत नाही. दोन्ही बड्स घाला, गाणं लावू नका आणि तोंडानं लांब 'ऊं' म्हणा. आवाज डोक्यात घुमला, विहिरीत वाकून बोलल्यासारखा, की टोपी नीट बसली. घुमत नसेल तर दुसरा आकार. दोन्ही कानांना एकच आकार लागेल असंही धरून चालू नका. माझ्या डाव्या कानाला मधला लागतो, उजव्याला लहान. हे कळायला मला आठ महिने लागले आणि मी आवाजाचं काम करते, म्हणजे बघा.

बाकीचं भराभर सांगते. चाळीस तास बॅटरी असं लिहिलेलं असतं ते चार्जिंगच्या डबीसकट आणि नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून. चालू ठेवून नुसते बड्स किती तास चालतात ते शोधा, पाच-सहा तास असतील तर ठीक. एलडीएसी नावाच्या कोडेकसाठी, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं जास्त बारकाव्यानं पाठवायच्या पद्धतीसाठी, जास्त पैसे मोजण्याआधी फोन बघा. आयफोनला ते चालतच नाही, आणि लोकलमध्ये ऐकायचं तर फरक कळायला तुमचे कान माझ्यापेक्षा तयार हवेत. आयपीएक्स४ म्हणजे घामाचे, पावसाचे शिंतोडे चालतील. त्यातला एक्स म्हणजे धुळीची परीक्षा दिलेलीच नाही. बहुतेक डब्यांना तर पाण्याचीही हमी नसते, तेव्हा जूनमध्ये डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात.

स्वस्तातलेच का, हेही विचारतात. एक तर यातली बॅटरी चिमुकली असते, दोन-तीन वर्षांत दम टाकते आणि बदलून घेणं सहसा परवडत नाही. वीस हजारांचे घेतले तरी त्यांचंही तेच होणार. दुसरं म्हणजे ठाणे स्टेशन. गाडीतून उतरताना ओढणी अडकली आणि डावा बड फलाट आणि पायरीच्या मधल्या फटीतून रुळावर. अडीच हजारांचा होता म्हणून मी दोन शिव्या दिल्या आणि पुढे चालू पडले. तेव्हापासून उतरायच्या आधीच दोन्ही काढून डबीत ठेवते. रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालतानाही कानात काही नको. घरघर घालवणारं यंत्र येणाऱ्या गाडीचीही घरघर घालवतं.

तरी मी हे घ्या म्हणते, त्याचं कारण शांतता नाही. वायरवाल्या साध्या इअरफोनवर लोकलच्या गोंगाटावर मात करायला मी आवाज तीन चतुर्थांशाच्या वर नेत असे. आता निम्म्यालाही पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. माझं पोट कानांवर आहे.

राहिल्या काकू. त्यांना मी सरळ सांगितलं, बातम्यांचा अँकर हा माणूस आहे, तो या यंत्रात सापडत नाही. मग विचार केला आणि म्हटलं, काकू, बड्स तुम्ही नका घालू, काकांना घाला. त्यांच्या टीव्हीला ब्लूटूथ होतंच, पाच मिनिटांत जोडून दिलं. काका इतका आवाज का वाढवतात ते एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असंही सांगितलं. तेवढं त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

टीव्ही आता खरंच मुका झालाय. फक्त कानात बड्स असल्यामुळे काकांना स्वतःचा आवाज किती चढलाय ते कळत नाही, आणि चर्चेतल्या प्रत्येकाला ते सोफ्यावरून उत्तर देतात. परवा जिन्यात काकू भेटल्या. 'ह्यावर काही मिळतं का गं,' म्हणाल्या, 'दीड-दोन हजारांत?'