लाल माद्या कोणी न्यायच्या?

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरच्या धरमपेठेतल्या काकांचा फोन आला. "अरे, टाकीत पाण्यापेक्षा झिंगेच जास्त दिसून राहिले!"

लोकांच्या घरच्या माशांच्या काचेच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. काकांची तीन फुटी टाकी झाडांनी भरलेली आणि त्यात लाल चेरी झिंगे, गोड्या पाण्यातले, मूळचे तैवान-चीनकडचे. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन फिरते. तीन-चार आठवड्यांत जी पिल्लं निघतात, ती थेट बारीक झिंगेच असतात. जावा मॉसमध्ये, म्हणजे पाण्यातल्या दाट शेवाळात, शिरली की सुरक्षित. त्यांना खाणारा मासा टाकीत नाही, वर काकूंचा रोजचा उकडलेला पालक. मग काय होणार?

एरवी मी चार दिवस थांबलो असतो. पण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. रात्री झाडंही तोच ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. त्यात लाइट जाऊन फिल्टर बंद पडला, तर अख्खी टाकी साफ.

जाळीने पकडायला गेलं तर झिंगा शेपटी आपटून मागे उडतो आणि हातात उपटलेली झाडं येतात. म्हणून पाण्याची एक बाटली खांद्यापाशी कापली, बूच काढून तोंड उलटं आत बसवलं, आत उकडलेल्या काकडीची चकती आणि वजनाला खडा. दिवे मालवले. बाटली रात्रभर ठेवायची नसते. दाटीने आतले झिंगे गुदमरतात. थोड्या वेळाने टॉर्च मारला तर बाटली लालभडक! काकू ओरडल्याच, "अरे बाप्पा!"

बादलीत टाकीचंच पाणी घेतलं आणि निवडायला बसलो. खरी पंचाईत इथेच झाली. माद्या मोठ्या, गोल पोटाच्या, गडद लाल. नर बारके, फिकट. संख्या आटोक्यात आणायची तर माद्या न्यायला हव्यात. काकूंना नेमक्या त्याच ठेवायच्या होत्या. "सुंदर सुंदर तू नेशील अन् आम्ही काय हे पांढुरके पाहत बसायचं?" त्यांचंही चूक नव्हतं. फिकटच ठेवले तर पुढच्या पिढ्यांचा रंग उतरत जातो.

काका म्हणाले, "भांडता काहून? फुटाळ्यात सोडून देऊ." तिथे मात्र मी ऐकलं नाही. बाहेरचा जीव तलावात सोडायचा नाही. तिथे टिकला तर परत काढता येत नाही.

शेवटी काकूंनी टॉर्चच्या उजेडात थोड्या लाल माद्या स्वतः निवडल्या, त्याही पालक आठवड्यातून दोनदाच घालायच्या अटीवर. बाकीच्या माद्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे मागणी होतीच. फिकट नर आमच्याकडच्या गुरामी माशांच्या पोटात जाणार, हे मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं.

"हिला नको सांगू," काका म्हणाले आणि बादली उचलू लागले.