एएनए पॉझिटिव्ह, १:८०
तीन आठवडे रक्ताच्या रिपोर्टमधली ही एकच ओळ डोक्यात घोळत होती. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी. रिपोर्टचा कागद इतक्या वेळा उघडला की घडी नेमकी त्याच ओळीवर फाटत आलीये. रात्री ल्युपसबद्दल, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराबद्दल, वाचत बसायचे, सकाळी उठल्या उठल्या मूठ वळतेय का ते बघायचे.

आज संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कागद आधी बाजूलाच ठेवला. बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला. सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो, उन्हात चट्टे येतात का, तोंड येतं का, सगळं विचारलं. मग सांगितलं, १:८० म्हणजे रक्त ८० पट पातळ केलं तरी अँटीबॉडी दिसल्या, आणि तेवढ्या शंभरातल्या दहा-बारा धडधाकट माणसांतही सापडतात! ल्युपससाठीच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए ही फक्त पहिली पायरी. पुढे लक्षणं आणि इतर तपासण्या मिळून १० गुण भरावे लागतात. माझी अँटी-डीएसडीएनए (ल्युपसमध्ये सापडणारी अँटीबॉडी) निगेटिव्ह, सी३, सी४ (ल्युपसमध्ये कमी होऊ शकणारी रक्तातली प्रथिनं) नॉर्मल, लघवीत प्रथिनं नाहीत. ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, वाढलाय, पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो वाढतो.

“मग मला झालंय काय?”

“आज नाव नाही देता येणार. तीन महिन्यांनी परत बघू.”

खरं सांगते, हे ऐकून रडूच आलं. भीती गेली नाही, पण दुखतंय हे त्यांनी खरं मानलं. हे एवढं तपासणीला पाठवतानाच कुणी सांगितलं असतं तर?

घरी येऊन वही काढली. आजची नोंद: ताठरपणा २० मिनिटं, उजवा अंगठा जास्त.