३६८ आला, आणि तोही आमच्याच बंदुकीचा

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी मी इंग्लंडमधल्या वॉर्विकशरच्या एका जंगलात फोल्डिंग टेबल मांडून बसतो. तिथे एअरसॉफ्ट चालतं, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे झाडणाऱ्या बंदुकांची लुटुपुटुची लढाई. टेबलावर छर्र्याचा वेग मोजणारा क्रोनो, ०.२० ग्रॅमच्या छर्र्यांचं पाकीट, रंगीत झिप टाय आणि चहाचा थर्मास. समोर लष्करी कपडे घातलेल्या माणसांची रांग. कुणी प्लंबर, कुणी दंतवैद्य, कुणी शाळेत भूगोल शिकवणारा. प्रत्येकाने बंदूक पुढे करायची, मी मॅगझिनमध्ये माझे छर्रे भरायचे, पाच गोळ्या झाडायच्या. आकडा बरोबर आला की झिप टाय बांधायचा.

एअरसॉफ्टशी माझा संबंध आला तो चिरंजीवांमुळे. आम्ही कॉव्हेंट्रीला आलो तेव्हा तो चार वर्षांचा होता. आता पंधरा. त्याआधी बंदूक हातात धरल्याचा माझा एकूण अनुभव म्हणजे मिरजेच्या उरुसात फुगे फोडणं. ती बंदूक बहुधा मुद्दाम वाकडी केलेली असायची. डावीकडे नेम धरला तरच उजवीकडचा फुगा फुटायचा, आणि हे गुपित कळेपर्यंत खिशातले पैसे संपलेले असायचे.

पण सांगलीच्या एमआयडीसीत आणि मग इथे मिळून माझी एकवीस वर्षं क्वालिटी खात्यात, माल तपासण्यात गेली. कुठेही काही मोजताना दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. पोरगा खेळायचा आणि मी गाडीत पेपर वाचत बसायचो. तिसऱ्या खेपेला मार्शलच, म्हणजे मैदानावरचा पंचच म्हणाला, नुसता बसलायस तर आकडे तरी वाच. तेव्हापासून टेबल माझ्याकडे.

क्रोनो म्हणजे पितळी तोंडाची एक नळी. आत थोड्या अंतरावर दोन प्रकाशकिरण. छर्रा पहिला किरण कापतो, मग दुसरा, आणि मधल्या वेळावरून वेग निघतो. आमच्या मैदानावर साध्या बंदुकीला ०.२० ग्रॅमच्या छर्र्यावर ३५० फूट प्रति सेकंदाची मर्यादा आहे, म्हणजे १.१४ ज्यूल. एकेक गोळी खटका ओढून भरावी लागणाऱ्या स्नायपर बंदुकीला ५००, म्हणजे २.३२ ज्यूल. पण ती घेऊन तीस मीटरच्या आत कुणावर झाडायचं नाही, त्या अंतरात पिस्तूल काढायचं. इथला कायदा याच्याही थोडा वर थांबतो. २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राईम ॲक्टने ऑटोमॅटिकला १.३ ज्यूल आणि बाकीच्यांना २.५ ज्यूल अशी रेघ मारून दिली आहे. रेघेच्या आत असेपर्यंत तो खेळ. पलीकडे गेलात की कायद्याच्या लेखी एअरसॉफ्टची सवलत संपली.

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांच्या बंदुकीतून हवा गळते असं माझ्या लक्षात आलं. या बंदुकीत बॅटरीवरचे गिअर स्प्रिंग दाबतात, सुटलेली स्प्रिंग पिस्टन ढकलते आणि पिस्टनपुढची हवा छर्रा उडवते. निळी धमक प्लास्टिकची टू-टोन, म्हणजे खेळातली आहे हे ओळखू यावं म्हणून भडक रंगवलेली, मीच घेऊन दिलेली, कारण अठराच्या आत स्वतः विकत घेता येत नाही. वेग ३३१. तसा काही त्रास नव्हता, पण पाच गोळ्यांत पंधरा फुटांचा फरक पडत होता आणि ते मला बघवेना. मी पिस्टनच्या तोंडाला नवी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं घातलं, नॉझल बदललं. बोटाने सिलिंडरचं भोक दाबून पिस्टन ढकलला तर हवा जागच्या जागी अडली. असा जॉब हातून झाला की माणूस दोन दिवस खूश असतो.

रविवारी रांगेत त्याचा नंबर आला. ३६७. ३६८. ३६८. ३६६. ३६८.

फरक आता फक्त दोन फुटांचा. मी मनातल्या मनात पाठ थोपटली, आणि मग आकडा पुन्हा वाचला.

"बाबा, कायद्यात बसतंय ना?" तो मराठीत, हळूच.

बसत होतं. १.२६ ज्यूल. पण मैदानाचा नियम ३५० चा, आणि मागे अकरा माणसं उभी. त्यातल्या दोघांना मी गेल्याच महिन्यात ३५४ ला परत पाठवलं होतं. बंदूक गाडीच्या डिकीत गेली, पोरगा भाड्याची बंदूक घेऊन खेळला आणि परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं. मूळची स्प्रिंग जोरकसच होती, गळक्या हवेने तिला झाकून ठेवलं होतं. गळती मी बुजवली आणि मोजायचं विसरलो. कामाच्या ठिकाणी असं कुणी केलं असतं तर मी त्याला चांगला झापला असता.

रांगेतल्या एकाने जाताजाता सल्ला दिला होता, स्प्रिंगचे दोन वेढे काप, झालं. हा सल्ला इथे सर्रास मिळतो आणि मला तो अजिबात मान्य नाही. स्प्रिंगची टोकं बंद करून घासून सपाट केलेली असतात ती तिने सरळ बसावं म्हणून. कापलेलं टोक तिरकं बसतं, पिस्टन एका बाजूला रेटला जातो आणि सिलिंडरला घासत राहतो. शिवाय वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग उलट कडकच होते, फक्त सुरुवातीचा ताण कमी झाल्याने वेग उतरतो. त्यापेक्षा एक नंबर खालची स्प्रिंग दहा पौंडांच्या आत येते. एम-११० च्या जागी एम-१०० घ्यायची. हा आकडा साधारणपणे ०.२० च्या छर्र्याचा सेकंदाला मीटरमधला वेग धरायचा.

ती बसवली आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आधी मॅगझिन काढलं, नळीत छर्रा अडकलेला नाही ना ते जमिनीकडे झाडून पाहिलं, मग बॅटरी काढली. इथवर सगळं शिस्तीत. मागचा दस्ता काढून ॲलन की घातली, दाबली, पाव फेरा फिरवला, आणि स्प्रिंग गाईड माझ्या कानाजवळून जाऊन फ्रिजच्या मागे पडलं. पिस्टन अर्धवट मागे ओढलेल्या अवस्थेत थांबला असेल तर गिअर उलटा फिरू न देणारा खटका आधी सोडवून ताण घालवायचा असतो. ते राहिलं. डोळ्यांना चष्मा होता, तोही वाचायचा. ही कणीक मळत होती. वळून न बघता म्हणाली, "जंगलात गॉगल लावता ना, मग इथेही लावा." फ्रिज ओढायला चिरंजीव धावून आले. अबोला तिथेच संपला.

नवी स्प्रिंग, पुढच्या महिन्यात ३३४.

त्याच दिवशी दुसरा एक प्रकार घडला. एकाची हवेच्या टाकीवर चालणारी बंदूक, एचपीए म्हणतात ती, सकाळी माझ्या छर्र्यांवर ३४५ आली. झिप टाय बांधला. दुपारपर्यंत दोघंतिघं तक्रार घेऊन आले, की त्याचा मार फार लागतो. पाठीवर उठलेले वळ दाखवले. जेवणाच्या सुट्टीत मार्शलने त्याला परत टेबलावर आणला. यावेळी मी त्याच्याच मॅगझिनमधले छर्रे झाडले. ०.३२ ग्रॅमचे. आकडा आला ३००.

तो म्हणाला, बघा, कमीच आहे. त्याचं खरंच तसं मत होतं, लबाडी नव्हती. पण ३४५ चा जोर १.११ ज्यूल. तोच जोर जड छर्र्याला मिळाला असता तर वेग २७३ च्या आसपास यायला हवा होता. ३०० म्हणजे १.३४ ज्यूल. मैदानाची मर्यादा सोडा, कायद्याची ऑटोमॅटिकची रेघही ओलांडली. होतं काय, हलका छर्रा लांब नळीतून इतक्या चटकन निसटतो की मागची हवा पुरती कामाला यायच्या आत तो बाहेर पडलेला असतो. जड छर्रा आत रेंगाळतो आणि हवा त्याला शेवटपर्यंत ढकलत राहते. स्प्रिंगच्या बंदुकीत हवा मोजकीच असते, तिथे हा प्रकार फारसा नाही. गॅसमध्ये आणि एचपीएमध्ये मात्र हमखास.

हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर मागे घेत घेत त्याच छर्र्यांवर २७० ला आणला आणि त्याची किल्ली फिरवता येऊ नये म्हणून वरून आणखी एक टाय बांधला. वजनमापेवाले तराजूला सील ठोकतात तसा. तेव्हापासून माझा नियम बदलला. एचपीए असो की गॅस, दिवसभर जो छर्रा वापरणार तोच टेबलावर आणायचा, आणि मी आकडा ज्यूलमध्ये वाचणार. गॅसच्या पिस्तुलांना दुपारी पुन्हा बोलावतो, कारण ऊन चढलं की गॅसचा दाबही चढतो. सकाळच्या गारठ्यात मरगळलेलं पिस्तूल जुलैच्या दोन वाजता वेगळंच बोलतं.

काही लोक कुरकुरतात. रांग लांबते, चहा गार होतो. पण या खेळात छर्रा लागल्याची खूण कपड्यावर उमटत नाही. ज्याला लागलं त्याने स्वतः हात वर करून "हिट" म्हणायचं आणि बाहेर जायचं. लहानपणी लगोरीत पाठीत चेंडू बसूनही "लागलाच नाही" म्हणणारे असायचे, तसला रडीचा डाव इथेही चालतो. फक्त मी एक पाहिलंय. समोरच्याची बंदूक जास्त जोराची आहे असा संशय एकदा आला, की एरवी सरळ खेळणारी माणसंही हात वर करायला कुचराई करायला लागतात. गॉगलच्या काचेलाही ठरावीक जोराचाच हिशोब माहीत असतो, हे वेगळं सांगायला नको.

आमची निळी बंदूक आता ३२७ वर आली आहे. वापरून वापरून स्प्रिंगचा जोर हळूहळू उतरतो. चिरंजीव दर महिन्याला तक्रार करतात, "बाबा, सात गेले." जुनी स्प्रिंग घरीच आहे हे त्याला ठाऊक आहे. ती माझ्या वर्निअरच्या डब्यात, मास्किंग टेपच्या तुकड्यावर पेनने "३६८, रिजेक्ट" लिहून ठेवली आहे.