लिहायचे बारा, उच्चारायचे दोन

लंडनच्या टेट संग्रहालयात १६०० ते १६१० च्या दरम्यान रंगवलेले एक चित्र आहे. शुभ्र वेशातल्या दोन स्त्रिया एकाच पलंगावर शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि दोघींच्या हातांत लाल वस्त्रात गुंडाळलेले एकेक तान्हे बाळ आहे. कोपऱ्यातला मजकूर सांगतो, की दोघींचा जन्म एकाच दिवशी झाला, लग्ने एकाच दिवशी लागली आणि त्या बाळंतही एकाच दिवशी झाल्या. या योगायोगापेक्षा मला मात्र त्यांच्या घराण्याच्या आडनावाचेच नवल अधिक वाटते. रोमन लिपीत ते लिहायला बारा अक्षरे लागतात, वाचायला जावे तर ‘चोल्मोंडेली’ असे काहीसे तोंडातून निघते, आणि इंग्रज माणूस नुसते ‘चम्ली’ म्हणून मोकळा होतो.

आडनाव मुळात गावाचे आहे. चेशर परगण्यातल्या या गावाची नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या दप्तरात, ‘काल्मुंडेलेइ’ अशी सापडते. शेवटच्या ‘ली’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ रानातली मोकळी जागा. ही जागा चेओलमुंड नावाच्या कोणा माणसाची, आणि त्याच्या नावात ‘जहाज’ व ‘रक्षण’ हे दोन शब्द सांधलेले. रानात राहणाऱ्याला असे दर्यावर्दी नाव ठेवणाऱ्या आईबापांचे कौतुकच वाटते. पुढे गावाची जमीन ज्या घराण्याकडे आली त्याने गावाचेच नाव लावले. पैठणचा तो पैठणकर, तसेच हे. फक्त ‘कर’ नाही.

इंग्रजीत अशा नावांच्या पहिल्या अवयवावर आघात पडतो आणि मागचे स्वर झिजत जातात. ‘वूस्टर’ आणि ‘लेस्टर’ या शहरांच्या नावांचेही तेच झाले. काही शाखांनी उच्चारामागोमाग लेखनही आखूड केले. १५६५ साली लंडनमधली हायगेट शाळा स्थापणारे न्यायाधीश सर रॉजर त्यांपैकीच. चेशरच्या घराण्याने मात्र बाराच्या बारा अक्षरे सांभाळली. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे रॉबर्ट वॉल्पोल यांची कन्या या घरात दिली होती. त्या नात्याने १७९७ मध्ये वॉल्पोलांचा हाउटन हॉल त्यांच्याकडे आला आणि १८१५ मध्ये मार्क्विस हा किताबही मिळाला.

आपल्याकडे प्रतिष्ठानचे पैठण झाले, करहाटकाचे कऱ्हाड झाले, आणि लिपी निमूटपणे जिभेच्या मागून गेली. जुनी रूपे पाहायची तर शिलालेखांकडे जावे लागते. या इंग्रज घराण्याने जीभ मोकळी सोडली, पण लेखणी दावणीला बांधून ठेवली, त्यामुळे चेओलमुंड आजही त्यांच्या लेखनात जवळजवळ अखंड आहे. हे आडनाव देवनागरीत उतरवताना माझी पंचाईत होते ती इथेच. ‘चम्ली’ लिहिले तर चेओलमुंड नाहीसा होतो. ‘चोल्मोंडेली’ लिहिले तर तो परत येतो, पण त्या हाकेला घरातले कोणी ओ देणार नाही.