भिंतीवरचे खडूचे आकडे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, माझ्या हातचे तीन डबे बरीच वर्षं लटकलेले आहेत. रंगाच्या भांड्यात पीटी-१०० सेन्सर, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारं प्लॅटिनम; त्याच्या शेजारी भिंतीवर माझा डबा, म्हणजे ते तापमान करंटमध्ये बदलून पाठवणारा टेम्परेचर ट्रान्समीटर; आणि तिथून दोन वायरी पॅनलपर्यंत. चार ते वीस मिलिअँपचा लूप. शून्य अंशाला चार, शंभराला वीस. वायर तुटली तर करंट शून्यावर येतो, म्हणजे भांडं थंड आहे की वायर गेली आहे हे लगेच कळतं. वायर लांब असली तरी करंट तोच राहतो, व्होल्टेजसारखा वाटेत गळत नाही. आमच्या आधीची पिढी हेच काम हवेच्या नळ्यांवर, ३ ते १५ पीएसआय दाबामध्ये करायची. तिथंही खालचं टोक शून्य नव्हतंच.

या लूपची गंमत अशी, की ट्रान्समीटरला वेगळी सप्लाय नसते. त्याच दोन वायरींमधल्या चार मिलिअँपवर त्यानं जगायचं. पहिला बोर्ड मी केला तेव्हा डिप्लोमाची शाई वाळली नव्हती. पाच व्होल्टसाठी ७८एल०५ हा रेग्युलेटर टाकला, आणि तो एकटाच तीनेक मिलिअँप खाऊन बसला. मग पीटी-१०० ला काय देणार? तो काढून कमी खाणारा टीएल-४३१ लावला, त्याला एक मिलिअँप, सेन्सरला एक, आणि सिग्नल मोठा करणाऱ्या एलएम-३२४ या ऑपअँपचा उरलेला घास. संसार कसाबसा चार मिलिअँपात बसला.

बसला, पण नीट नाही. पीटी-१०० चा रोध अंशामागे जेमतेम ०.३८ ओहम बदलतो. एक मिलिअँपवर हे अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी. त्यात स्वस्त ऑपअँप, कार्बनचे रेझिस्टर, स्क्रूनं फिरवायचे ट्रिमपॉट, आणि वर सोलापूरचा मे महिना. पत्र्याखाली, वाफेशेजारी डबा हात लावू देत नाही. आकडा सरकणारच.

यंदा मी बोर्ड नव्यानं केला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक्सटीआर-१०५ ही चिप मुळात याच कामासाठी बनलेली आहे. ०.८ मिलिअँपचे दोन करंट सोर्स आतच आहेत, त्यामुळे तीन वायरींचा सेन्सर लावला की वायरीचा रोध आपोआप वजा होतो. पीटी-१०० ची वक्र रेषा सरळ करायची सोयही आत आहे. शून्याला १०० ओहमचा एक रेझिस्टर, शंभर अंशांच्या स्पॅनला, म्हणजे पूर्ण पट्ट्याला, ७५ च्या आसपास दुसरा. ट्रिमपॉट फक्त चिमूटभर सुधारणेपुरते. पुढे डायोडचा ब्रिज टाकला, म्हणजे वायरमननं उलटी जोडली तरी चालतं. ब्रिजचे १.४ आणि चिपचे ७.५ व्होल्ट वजा केले तरी २४ व्होल्टवर साडेसातशे ओहमचा लोड ओढता येतो. पॅनलमध्ये २५० चा एकच आहे.

एक चूक केलीच. बाहेरचा ट्रान्झिस्टर म्हणून ड्रॉवरमध्ये होता तो बीसी-५४७ लावला. वीस मिलिअँपला त्याच्यावर साडेतीनशे मिलिवॅटच्या आसपास पडतात. टेबलावर चालला, डाईंगमध्ये दुसऱ्या दिवशी गेला. तिथं जास्त वॅट सोसणारा बीडी-१३९ च हवा होता. डेटाशीट नीट वाचायला मला नेहमी काहीतरी जळावं लागतं.

एका भांड्यावर नवा डबा बसवला. डिकेड बॉक्सवर, म्हणजे हवा तो रोध लावता येणाऱ्या पेटीवर, तपासला होता: १२३.२४ ओहमला बरोबर ६० अंश. मी खूश. आठ दिवसांनी मालकांचा फोन, ‘‘तुमचा नवा डबा आल्यापासून मरून लॉट गडद निघतोय ओ. जुनाच लावा.’’

गेलो. आकडा बरोबर, सेन्सर बरोबर. डाईंग मास्तर पंचवीस वर्षांचे अनुभवी, घरी तेलुगू आणि माझ्याशी मराठी. ते काही बोलेनात. शेवटी म्हणाले, ‘‘साहेब, मी नेहमीचंच लावतो की. त्रेसष्ट.’’

‘‘अहो अण्णा, रेसिपीत तर साठ आहे!’’

त्यांनी भांड्यामागच्या भिंतीकडे बोट केलं. खडूनं लिहिलं होतं: थंडी ६१, उन्हाळा ६३. काचेचा थर्मामीटर बुडवून, लॉट बघून त्यांनी हे कधीतरी ठरवलं होतं. जुना डबा उन्हाळ्यात त्रेसष्ट दाखवायचा तेव्हा भांड्यात खरंच साठ असायचे. नवा डबा त्रेसष्ट दाखवतो तेव्हा त्रेसष्टच असतात.

उन्हाळ्याचे जादा दोन अंश तापलेल्या डब्यातून आले हे मला माहीत होतं. पण थंडीतला तो एक? घरी येऊन जेवताना, कडक भाकरी मोडता मोडता, डोक्यात उजेड पडला. पहिल्या बोर्डाचा स्पॅन मी उकळत्या पाण्यात लावला होता आणि ते शंभर धरलं होतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून वर आहे. इथं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. दीड अंशाची चूक शंभराला, म्हणजे साठाला जवळपास एक. माझ्या दोन्ही चुका मास्तरांनी भिंतीवर मांडून ठेवल्या होत्या, आणि मी एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्या भांड्यामागचे आकडे ओल्या कॉटन वेस्टनं पुसले आणि नुसतं ६० लिहिलं. बाकी दोन भांड्यांवर जुने डबे आहेत. तिथला खडू त्यांनी तसाच ठेवलाय.