आमची वाटचाल : माईची भाजणी

आमच्या दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. धंदा मात्र पहिल्यापासून आजीचा. तिला अख्खा वाडा माई म्हणायचा, म्हणून आम्ही नातवंडंही माईच म्हणायचो. मागच्या मार्गशीर्षात ती गेली; नव्वदी केव्हाच ओलांडली होती. दुकानाची वाटचाल लिहायची म्हणजे तिच्याबद्दलच लिहायचं. आमचं कर्तृत्व त्यात फार थोडं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत शिरलं. आम्ही नारायण पेठेत. आजोबा छापखान्यात जुळारी होते, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे. खिळे गाळात गेले, छापखाना बंद पडला, पगार थांबला. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला अर्धगोल छपराच्या निसेन हट उभ्या राहिल्या, तिकडे वाड्यातली काही बिऱ्हाडं गेली. मागची भिंत खचलेली असूनही माईनं जागा सोडली नाही. त्या दिवाळीत कितीतरी घरांत कढई होती तर चूल नव्हती, चूल होती तर डबे वाहून गेलेले. लोक धान्य आणून देत, माई भाजून, दळून देई आणि मजुरी घेई. पुढच्या वर्षी धान्यही तिनंच भरलं. आजोबांना नंतर दुसऱ्या छापखान्यात नोकरी मिळाली, पण तोवर घर भाजणीवर चालायला लागलं होतं.

चकलीच्या भाजणीत गुपित असं काही नाही. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे, जिरे. पुण्यातल्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. खरं काम भाजण्यात. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, कारण उडीद डाळीला लागणारा वेळ तांदळाला लावला तर दोन्हीतलं एक बिघडणार. तांदूळ जुना, धुऊन सावलीत वाळवलेला. गिरणीत गव्हावर दळू द्यायची नाही, आधी डाळ पडलेली हवी. गिरणीवाल्याशी तिची यावरून दर आठवड्याला वादावादी होई, आणि तोच गिरणीवाला दिवाळीला भाजणी आमच्याकडून नेई.

वडिलांनी गॅसवर फिरणारा रोस्टर आणला तेव्हा माईनं आधी डाळी त्यात भाजून बघितल्या, दोन दाणे दाताखाली धरले आणि पास केल्या. तांदळाला मात्र नापास केलं. तांदूळ आजही लोखंडी कढईत भाजतो. यात भावनेचा भाग किती आणि चवीचा किती, हे मी तपासायला गेलेलो नाही. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, तोवर कढई राहील.

सगळ्यात मोठी परीक्षा २०११ मध्ये आली. अन्नसुरक्षेचा नवा कायदा लागू झाला. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे, आणि माईचा सगळा हिशेब चिपट्या-मापट्यांत! दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ही मापं आकारमानाची. मापटंभर धण्यांचं वजन मापटंभर डाळीच्या जवळपासही जात नाही. मी तागडी मांडून एकेक मापटं तोलत बसलो. ती शेजारी बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "इतकी वर्षं लोक खातायत, ते काय वजन विचारून?" पण तिसऱ्या मापट्याला तिनंच हात धरला: शीग लावून भरतोस, मी सपाट भरते. सगळं पुन्हा तोललं. पाकिटावर छापलेलं प्रमाण त्या दुपारचं आहे.

आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, यावर भरपूर विनोद झालेत. मूळ कारण साधं होतं. गरम पीठ डब्यात भरलं की घाम सुटतो आणि आठवड्यात वास येतो, म्हणून सकाळचं दळण दुकानातच धोतरावर पसरून गार करायचं. पाय ठेवायला जागा नसे, गिऱ्हाईक उभं कुठे राहणार? आता त्यासाठी वेगळी खोली आहे. दुकान तरी एक ते चार बंदच असतं. त्याला मात्र काही कारण नाही.

उधारी माई देत नसे. आई त्या बाबतीत मऊ आहे, हे पेठेला कळलेलं दिसतंय. भाजलेल्या धान्याला शेवटचा होकार आता आईचा असतो. उपासाची भाजणी आणि मेतकूट बारा महिने मिळतं. दिवाळीच्या चकली-भाजणीची नोंदणी घटस्थापनेला सुरू होते आणि कोजागरीला बंद. नंतर ओळख सांगून उपयोग नाही, माई असतानाही नव्हता.