वाढीआधी ऐकलेली कुरकुर : नाशिकमधील आमच्या मंडळीचा अनुभव

दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत आमच्या ख्रिस्ती मंडळीपुढे एकच प्रश्न येत असे : मंडळी वाढत का नाही? त्याची उत्तरेही ठरलेली असत. मोठी सुवार्ता सभा घ्यावी, नवी ध्वनियंत्रणा आणावी, तरुणांसाठी वेगळी उपासना सुरू करावी. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा सचिव या नात्याने ही उत्तरे कार्यवृत्तात लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. एका वर्षी कमिटीने कोणताही ठराव करण्याआधी, पवित्र शास्त्रात मंडळीच्या वाढीविषयी काय लिहिले आहे ते एकत्र बसून वाचायचे ठरवले. त्यानंतर जे घडत गेले ते येथे मांडत आहे, कारण जिल्ह्यातील इतर मंडळ्यांच्या वडिलांशी, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांशी, बोलताना हाच प्रश्न त्यांच्याही मनात असल्याचे मला जाणवते.

सर्वांत अधिक काळ आम्ही नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायावर थांबलो. यरुशलेमेत शिष्यांची संख्या वाढत असतानाच हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, यहूद्यांनी तक्रार केली की, रोजच्या वाटणीत त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी ही कुरकुर दडपली नाही आणि तक्रार करणाऱ्यांना अविश्वासूही ठरवले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावून, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे निवडायला सांगितले. निवडलेली नावे पाहण्यासारखी आहेत : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत, आणि निकलाव तर अंत्युखियाहून आलेला, मूळचा यहूदी नसलेला मनुष्य होता. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी सोपवली गेली. त्यानंतर लगेचच देवाच्या वचनाचा प्रसार झाल्याचे आणि शिष्य फार वाढल्याचे सातव्या वचनात लिहिले आहे. हा क्रम माझ्या मनावर खोल ठसला.

आमच्याकडेही अशी कुरकुर होती. ती सभेत कधी उच्चारली जात नव्हती, एवढेच. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली मराठवाड्यातील कुटुंबे आणि पेठ-सुरगाण्याकडून आलेली काही कोकणा आदिवासी कुटुंबे उपासनेला येत, मागच्या बाकांवर बसत आणि निघून जात. पाळकसाहेबांच्या गृहभेटी जुन्या कुटुंबांत नियमित होत असत, पण पाळीत काम करणारा माणूस संध्याकाळी घरी सापडत नसल्यामुळे त्याच्या घरची भेट पुढे ढकलली जाई. मंडळीच्या मदतनिधीतून शाळेची फी भरायची असली, तरी अर्ज कुणाकडे द्यायचा हे फक्त जुन्यांना ठाऊक होते. कमिटीने या कुटुंबांना घरी जाऊन विचारले, तेव्हा प्रथम ती संकोचली. नंतर एका बाईंनी शांतपणे सांगितले, ‘‘साहेब, माझे बाळंतपण झाले तेव्हा शेजारच्या हिंदू बायका आल्या, मंडळीतून कुणी आले नाही.’’ हे वाक्य मी कार्यवृत्तात जसेच्या तसे लिहिले, आणि पुढच्या सभेत ते मोठ्याने वाचले जावे असा आग्रहही धरला.

शहराचा इतिहास आम्हाला येथे उपयोगी पडला. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही राहत आणि शिकत होती. 1873 मध्ये मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत मरण पावल्यावर त्यांचे पार्थिव समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा त्याच शाळेत शिकलेला होता. नाशिकची ख्रिस्ती मंडळी आरंभापासूनच दूरदूरच्या माणसांची होती, हे सभेत मांडल्यावर ‘बाहेरचे’ हा शब्द जुन्या सभासदांच्या तोंडी पूर्वीइतका सहज येईनासा झाला.

त्यानंतर भेटी व मदतीचे वाटप पाहणारे सेवक निवडायचे ठरले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सेवकांची प्रथम पारख व्हावी असे सांगितले आहे. म्हणून हात वर करून त्याच दिवशी निवड करण्याची आमची जुनी पद्धत आम्ही सोडली. नावे सुचवली गेली, त्या व्यक्तींना काही महिने आजाऱ्यांच्या भेटी आणि मदतीच्या वाटपाचे काम देण्यात आले, आणि त्यांच्या घरच्यांना व शेजाऱ्यांनाही विचारण्यात आले. जी नावे शेवटी राहिली त्यांत निम्म्याहून अधिक नव्या कुटुंबांतील होती. काही ज्येष्ठांना हे रुचले नाही. त्यांच्याशी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील रीतीप्रमाणे आधी एकट्याने जाऊन बोलावे, असे पाळकसाहेबांनी आम्हाला बजावले. एक कुटुंब वगळता सर्वांनी ऐकून घेतले. गाण्यांचा वाद मात्र फारसा झाला नाही, कारण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने दोन्हीकडच्यांना पाठ होती.

पाळकसाहेबांवरील भाराचा विचार निर्गमच्या अठराव्या अध्यायावरून झाला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसतो हे पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की, हे बरे नाही, तू आणि लोक दोघेही थकून जाल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू नायक नेम. आम्ही दहा-दहा घरांचे गट केले. सातपूरचा गट पाळी बदलली की वार बदलतो आणि कधी रात्री उशिरा प्रार्थनेला बसतो. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे पाळक-शिक्षक दिले आहेत ते पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करण्याकरिता. ही सेवा त्यांनी एकट्याने उरकावी अशी अपेक्षा तेथे कोठेच नाही. आमच्या बहुतेक मंडळ्यांत ती अपेक्षा अजून आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्पणाच्या बाबतीत करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय पुरेसा ठरला. यरुशलेमेसाठीची वर्गणी नेताना पौलासारखा प्रेषितही मंडळ्यांनी नेमलेले सोबती घेतो, कुणाला दोष देण्यास जागा राहू नये म्हणून. आता दर रविवारी दोन वेगवेगळ्या घरांतील माणसे अर्पण मोजतात आणि रक्कम त्याच दिवशी फलकावर लिहितात.

सर्वांत कठीण होते ते सुरू असलेले कार्यक्रम बंद करणे. वार्षिक सुवार्ता सभेचा मांडव आणि वक्त्यांचा प्रवास यांत वर्षाचा बराच निधी जाई, आणि ती बंद करणे म्हणजे माघार, असे अनेकांना वाटले. तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागाईतदार बांधवांनी योहानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलाच्या दृष्टांतावर जे सांगितले ते कोणत्याही उपदेशात मी ऐकले नव्हते. ते म्हणाले की, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्या हंगामात विकायला एक घडही मिळत नाही, पण त्याच काळात काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर माल येतो तो त्या काडीतूनच. फळ देणाऱ्या फांदीलाही पिता छाटतो, असे प्रभू त्या अध्यायात म्हणतो. सभा दोन वर्षे स्थगित ठेवण्याचा ठराव त्या दिवशी मंजूर झाला आणि निधी गटांकडे वळवला गेला.

आज रविवारची उपस्थिती थोडीच वाढली आहे. परंतु सातपूरच्या गटात बाप्तिस्म्याची तयारी एक कारखाना-कामगार बांधव करून घेतात, आणि कोणत्याही घरी बाळंतपण किंवा आजारपण असले की गटातील बहिणी दुसऱ्या दिवसाच्या आत तेथे पोहोचतात. पेठकडच्या कुटुंबांनी त्यांच्या गावीच महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हावे अशी मागणी केली आहे. त्यांच्यातील दोन व्यक्तींची पारख सध्या चालू असून, ती पूर्ण झाल्यावर पाळकसाहेब त्यांच्याबरोबर तेथे जाणार आहेत.